पुढच्या दोन्ही डिस्क खडखडतात, हाताने हलवल्या तर प्ले (ढिलेपणा) लागतो. बॉबिन गेले का?

जुळेसोलापूर६५०

दोन सिलिंडरची ६५० सीसी गाडी, सेकंडहँड घेतलेली, ३८ हजार किलोमीटर झालेत. पुढे दोन डिस्क आहेत. मधली काळी प्लेट ॲल्युमिनियमची, बाहेरची रिंग स्टीलची, आणि दोन्ही गोल बटणांसारख्या बॉबिनांनी जोडलेल्या. एका डिस्कला दहा बॉबिन.

विजापूर रोडच्या खराब पट्ट्यात किंवा गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर २०-३० च्या वेगात पुढून खळखळ आवाज यायलाय. हायवेला काही ऐकू येत नाही. ब्रेकच्या लिव्हरला नुसतं बोट लावलं की आवाज बंद. गाडी बंद ठेवून पुढचा ब्रेक धरून पुढे-मागे ढकलली की एकदा ‘टक्’ होतं. ब्रेक नीट लागतो, लिव्हर थरथरत नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही.

एका गॅरेजला म्हणाले, बॉबिनच्या मागच्या कडा पंच लावून ठोकून घट्ट करून देतो. दुसरीकडे सांगितलं, दोन्ही डिस्क बदला. आणखी एकाचं म्हणणं, फ्लोटिंग (बाहेरची रिंग मोकळी असलेली) डिस्क वाजणारच, सोडून द्या. यातलं खरं काय? घरी तपासता येईल असं काही असेल तर सांगा. टॉर्क रेंच आहे, डायल गेज मिळवता येईल.

टॉर्करेंच_पुणेनाका

ठोकू मात्र देऊ नका. त्याचं कारण खाली लिहितो. त्याआधी नेमकं वाजतंय काय ते शोधा.

बोट लावल्यावर आवाज थांबतो, एवढ्यावरून डिस्कवर ठपका ठेवता येत नाही. लिव्हर जराशी दाबली की पॅड रिंगला टेकतात. त्यामुळे ढिले पॅड, ढिली रिंग आणि स्लाइड पिनवर हलणारा कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) हे तिघंही एकदम गप्प होतात. या चाचणीतून एवढंच कळतं की आवाज ब्रेकच्या भागातून येतोय. ‘टक्’चंही तसंच. ब्रेक धरून गाडी ढकलल्यावर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) ढिला असेल तरी टक् होतं, फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपचे, बुश गेले असतील तरी होतं आणि बॉबिन झिजले असतील तरी होतं.

म्हणून ब्रेक न धरता सुरुवात करा. पुढचं चाक उचला. स्टेअरिंगच्या खालून घालायचा पॅडॉक स्टँड असेल तर उत्तम. दोन्ही फोर्कच्या खालच्या टोकांना हात घालून पुढे-मागे ओढा. इथेच टक् लागलं तर कोन सेट किंवा बुश तपासा, डिस्क बाजूला ठेवा. मग चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा, नंतर पुढून-मागून धरून तेच करा. इथे प्ले लागला तर चाकाचं बेअरिंग गेलंय. ही दोन्ही नीट निघाली तरच पुढे जायचं.

आता गाडी खाली उतरवा. मित्राला पुढचा ब्रेक धरून गाडी ढकलायला सांगा आणि तुम्ही बोटाचं एक टोक मधल्या प्लेटवर, दुसरं रिंगवर येईल असं बॉबिनच्या जोडावर ठेवा. टक् होताना प्लेट आणि रिंग एकमेकांच्या तुलनेत सरकली तर बोटाला लगेच कळतं. एकेक बॉबिन असा तपासा. नंतर तेच बोट कॅलिपर आणि पॅडच्या पाठीच्या मध्ये ठेवा. पॅड कॅलिपरमध्ये सरकून टोकाला आदळत असेल तर तेही इथेच लागेल.

यानंतर दोन्ही कॅलिपर काढा. ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका, दोरीने फोर्कला बांधा. पॅडच्या मध्ये लाकडाची पट्टी घाला, म्हणजे चुकून लिव्हर दाबली गेली तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. आता डिस्कच्या रिंगवर लाकडी मुठीने हलकं मारा आणि दोन्ही बाजूंचा आवाज ऐका. चांगल्या सेमी-फ्लोटिंग (रिंग मोकळी, पण स्प्रिंगने दाबून धरलेली) डिस्कचा आवाज बारीक घंटेसारखा, सलग येतो. ढिली असेल तर त्यात खळखळ मिसळते.

मुख्य तपासणी यानंतरची. रिंग दोन्ही हातांनी धरून दोन वेगवेगळ्या दिशांनी हलवायची. आधी आडवी, म्हणजे चाकाच्या एक्सलच्या दिशेने आत-बाहेर. सेमी-फ्लोटिंगमध्ये बॉबिनखाली लाटेसारखा वाकडा स्प्रिंग वॉशर असतो. जोर लावल्यावर रिंग किंचित दबून परत आली तर वॉशर जिवंत आहे. मोकळी हलली तर वॉशर बसलाय. मग रिंग फिरवायची. मित्राला चाक घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही रिंग डावी-उजवी फिरवून बघा. हाताला स्पष्ट ठोका लागला तर बॉबिन किंवा त्याचं भोक झिजलंय.

हे दोन प्ले वेगळे आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यातच आहे. आडव्या प्लेमुळे आवाज येतो. गोल फिरणाऱ्या प्लेमुळे ब्रेक लावताना ठोका बसतो. ब्रेकचा सगळा जोर याच दिशेने जातो, म्हणून हा दुसरा प्ले दिवसागणिक वाढत राहतो. पंचाने कडा ठोकल्या तर फक्त आडवा प्ले मिटतो. आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि झिजलेलं भोक मात्र तसंच राहतं. वर रिंग प्लेटला आवळून बसते, म्हणजे ज्या कामासाठी ती मोकळी ठेवलीय तेच काम ती करू शकत नाही.

ती मोकळी का असते ते सांगतो. ब्रेक डिस्कचं स्टेनलेस स्टील तापलं की मीटरमागे दर अंशाला सुमारे १० ते ११ मायक्रॉन वाढतं. ३०० मिमी व्यासाची रिंग तुळजापूर घाट उतरताना ३०० अंशांनी तापली असं धरा. तिचा व्यास जवळजवळ ०.९ मिमी वाढतो. मधली प्लेट तेवढी तापलेली नसते. रिंगला बाहेर सरकायला जागा मिळाली नाही तर ती वाटीसारखी वाकते, आणि मग लिव्हरला थरथर सुरू होते. आत्ता तुमची लिव्हर शांत आहे. ती बिघडवून घेऊ नका.

‘वाजणारच’ म्हणणारा माणूस पूर्ण चुकीचा नाही. फुल-फ्लोटिंग डिस्कमध्ये स्प्रिंग वॉशर नसतात किंवा अगदी हलके असतात. त्या रेसिंगसाठी असतात आणि गाडी ढकलतानाही खुळखुळतात. पण रस्त्यावरच्या गाडीला कंपनीकडून बहुधा सेमी-फ्लोटिंगच येते, आणि ती नवी असताना वाजत नाही. आधीच्या मालकाने बाहेरची डिस्क टाकलीय का ते रिंगवरचा शिक्का बघून ठरवा.

जाता जाता जाडीही मोजा. डिस्कवर ‘मिन. टीएच.’ असं कोरलेलं असतं, पुढचा आकडा म्हणजे कमीत कमी जाडी. साध्या व्हर्नियरने काठावर मोजू नका. काठाला पॅड लागत नाही, तिथे न झिजलेली कडा राहते आणि माप जास्त दाखवतं. मायक्रोमीटर घ्या, पॅड घासतो त्या पट्ट्यात सात-आठ जागी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा.

लेथवर_अक्कलकोटरोड

वरच्या उत्तरात मशिनिंगच्या बाजूने थोडी भर घालतो. आपल्याकडे एमआयडीसीत लेथ भरपूर आहेत, त्यामुळे ‘बॉबिन खरादून घ्या’ हा सल्ला कुणी ना कुणी देणारच.

आधी बॉबिन कसे बसवलेत ते बघा. मागच्या बाजूला खाचेत सर्क्लिप (काढता येणारी स्प्रिंगची कडी) आणि त्याखाली वॉशर असेल तर डिस्क खोलता येते आणि त्या डिस्कचे बॉबिन, वॉशर, सर्क्लिप असा किट मिळू शकतो. मागची कड दाबून पसरवलेली असेल, म्हणजे रिव्हेटसारखी, तर ती खोलायची नसते. कंपनीच्या बऱ्याच डिस्क अशाच असतात. तिथे दुरुस्ती नाही, डिस्क बदलायची.

जोर किती येतो ते मोजून बघा. गाडी आणि चालक मिळून २७५ किलो धरा. कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारला तर पुढच्या टायरवर साधारण २,७०० न्यूटन ओढ येते. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, म्हणजे चाकावर सुमारे ८१० न्यूटन-मीटर टॉर्क. तो दोन डिस्कमध्ये वाटला की प्रत्येकीला ४०५. बॉबिन केंद्रापासून ११० मिमी अंतरावर धरले तर त्या वर्तुळावर जवळपास ३,७०० न्यूटन. दहाही बॉबिन सारखे बसले असतील तर एकेकाच्या वाट्याला ३७० न्यूटन, म्हणजे ३७-३८ किलोचा जोर. पण झीज कधीच सारखी होत नाही. सुरुवातीला तीनच बॉबिन टेकत असतील तर तेवढा सगळा जोर त्या तिघांवर, प्रत्येकी सव्वाशे किलोच्या आसपास. तोही दाबून नाही, ठोका मारून. म्हणून एकदा ढिल पडली की ती वाढतच जाते.

खरादलेले बॉबिन का नकोत, तर झीज फक्त बॉबिनची नसते. त्याची अर्धी बैठक ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये असते आणि ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा मऊ. अर्धगोल खाच लांबट होते. तिच्यात नवा गोल बॉबिन घातला तर तो दोन बिंदूंवर टेकतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. खाच मोठी करून मोठा बॉबिन बसवायचा तर दहाही खाचांचं अंतर शतांश मिलिमीटरमध्ये जुळायला हवं, नाहीतर परत दोन-तीनच भार घेणार. डिव्हायडिंग हेडवर हे जमवणारे कारागीर सोलापुरात आहेत. पण ब्रेकच्या वस्तूवर हा प्रयोग मी कुणालाही सुचवणार नाही.

वेल्डिंगचा टाका तर अजिबात नको. रिंग कडक केलेल्या स्टीलची असते, टाक्याच्या शेजारची धातू ठिसूळ होते आणि तिथून तडा जातो. स्प्रिंग वॉशर एकावर एक दोन घालून आवाज मारणं हाही तोच प्रकार. वॉशर पूर्ण दबून सपाट होतात आणि रिंग जाम होते.

जुळेसोलापूर६५०

दोघांचेही आभार. सांगितलं तसं सगळं तपासलं.

कोन सेट, चाकाचं बेअरिंग, फोर्क सगळं नीट आहे. डिस्क कंपनीच्याच, बॉबिन रिव्हेटवाले. उजवी डिस्क आडवी दाबली की परत येते, फिरवून ठोका लागत नाही. पण उजव्या कॅलिपरमध्ये पॅड बोटाने खुळखुळतात. पॅडवरची पत्र्याची स्प्रिंग उलटी बसवलेली होती. मॅन्युअलच्या चित्राप्रमाणे सरळ केल्यावर पॅड घट्ट बसले.

डाव्या डिस्कला फिरवून स्पष्ट ठोका लागतो. बोटाला चार बॉबिनवर हालचाल जाणवते, दोन बॉबिन मात्र अजिबात फिरत नाहीत, जाम आहेत. जाडी डावी ४.६, उजवी ४.७. शिक्का ४.५ चा. नवी ५.० ची येते. डायल गेजवर उजवी ०.०८ आणि डावी ०.१९ मिमी आऊट, म्हणजे फिरताना तेवढी आत-बाहेर डोलते.

दोन प्रश्न. एकच डिस्क बदलली तर चालेल का? आणि जाम बॉबिन मोकळे केले तर डावी वाचेल का?

टॉर्करेंच_पुणेनाका

छान तपासलंत. म्हणजे आवाज दोन ठिकाणांहून येत होता. उजवीकडची खळखळ स्प्रिंगची होती, ती गेली. कॅलिपर खोलतो तेव्हा ही स्प्रिंग नेहमी बघावी. दोन रुपयांचा पत्रा दिसतो, पण पॅडला जागेवर दाबून ठेवण्याचं काम तिचंच.

डावी वाचणार नाही. जाम झालेले दोन बॉबिन हे ढिल्या चारांचं कारणही असू शकतं. रिंग सगळीकडे मोकळी असती तर भार वाटला गेला असता. दोन जागी अडकली की तापल्यावर ती एका बाजूलाच सरकते आणि समोरच्या खाचा खाते. ०.१९ आऊट त्यातूनच आली असावी. मॅन्युअलमध्ये आऊटची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, कुठे ०.१ तर कुठे ०.३ मिमी, तुमच्या गाडीची बघून घ्या. पण ती मर्यादेत असली तरी फिरणारा ठोका लागतोय, म्हणून ही डिस्क बादच.

एकच बदलायची की दोन्ही? उजवीची ०.५ पैकी ०.३ मिमी झीज झालीय, म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य संपलं. नियमाने एक बदलली तरी ब्रेक एकसारखा लागतो, कारण दोन्ही कॅलिपरला द्रवाचा दाब सारखाच जातो. अट एवढीच की नवी डिस्क त्याच बनावटीची हवी आणि पॅड दोन्ही बाजूंचे नवे. तरी माझं मत, पैसे जमत असतील तर दोन्ही घ्या. वर्षभरात उजवीसाठी पुन्हा चाक काढायचं आणि पुन्हा नवे पॅड घालायचे, त्यापेक्षा आत्ताच परवडतं.

बसवताना लक्ष द्या. एक्सल आणि क्लॅम्पचे (फोर्कच्या टोकाला एक्सल पकडणारे) बोल्ट चाक जमिनीवर असतानाच अर्धे ढिले करा, मग उचला. चाक काढल्यावर डिस्कवर आडवं ठेवू नका. दोन लाकडी ठोकळ्यांवर टायर टेकवा. डिस्कच्या बोल्टना कारखान्याचा थ्रेडलॉक (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावलेला गोंद) असतो, थेट जोर लावला की ॲलनचं भोक गोल होतं. हीट गनने आधी गरम करा, पाना हलक्या हातोडीने पूर्ण आत बसवा, मग सोडवा. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. एबीएसची दातेरी रिंग त्याच बोल्टांवर असेल तर ती कोणत्या बाजूने होती ते खुणेने टिपून ठेवा, ती वाकली तर डॅशबोर्डवर दिवा लागेल.

हबची बैठक स्वच्छ करा. जुन्या थ्रेडलॉकचा एक कण किंवा बारीक गंज राहिला तरी डिस्क आऊट दाखवते. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक एकेक थेंब. लाल वापरू नका. टॉर्क तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या, कारण बोल्टच्या जाडीप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे तो दुपटीने बदलतो. तीन टप्प्यांत, तिरपे तिरपे आवळा आणि शेवटी प्रत्येक बोल्टवरून डिस्कपर्यंत पेंटची एक रेघ मारून ठेवा. शक्यतो बोल्ट नवेच घाला. डिस्कवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तोही बघा.

आता ज्यात बरेच जण चुकतात ते. एक्सल टॉर्कला आवळल्यावर क्लॅम्पचे बोल्ट लगेच आवळू नका. गाडी खाली घ्या, पुढचा ब्रेक धरा आणि फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा. फोर्कचा पाय एक्सलवर आपल्या जागेला येतो. मग क्लॅम्प आवळा. हे केलं नाही तर एक पाय आतल्या बाजूला ओढलेला राहतो, कॅलिपर तिरपा बसतो, एका डिस्कचा एकच पॅड झिजतो आणि नव्या डिस्कवर विनाकारण आळ येतो.

गाडी हलवण्यापूर्वी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. कॅलिपर बसवल्यावर पहिली लिव्हर हँडलपर्यंत जाते, आणि तशीच गाडी काढली तर गेटबाहेरच धडक बसेल.

होटगीरोड_रायडर

जाम बॉबिनबद्दल थोडं. नव्या डिस्कचे बॉबिन तसे होऊ नयेत म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, साफ करा. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. गाडी धुऊन उन्हात वाळवली की पांढरा थर राहतो, त्यात पॅडची काळी पूड आणि काळ्या मातीची धूळ मिळून बॉबिनच्या फटीत सिमेंटसारखं बसतं. धुतल्यावर डिस्क फडक्याने पुसा आणि एक छोटी फेरी मारून ब्रेक लावून वाळवा.

साफ करायची रीत अशी. बॉबिनच्या मधल्या भोकातून जाईल असा बोल्ट घ्या, दोन्ही बाजूंना वॉशर आणि नट लावून बॉबिनला पकडा. फटीत ब्रेक क्लीनर मारा आणि पान्याने बॉबिन हळूहळू दोन्हीकडे फिरवा. काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. ड्रिल लावायचं तर सर्वांत कमी स्पीडला. तेल, ग्रीस, साखळीचा स्प्रे यातलं काहीही लावू नका. डिस्क तापली की ते पॅडपर्यंत पोहोचतं आणि एकदा पॅडने तेल पिलं की तो फेकायचाच.

एक मात्र लक्षात घ्या, घाण हीसुद्धा कधी कधी ढिल झाकून ठेवते. जुन्या डिस्कचे बॉबिन साफ केल्यावर आवाज वाढला तर सफाईने काही बिघडलं असं नाही. झीज आधीपासून होती, ती आता कळली.

जुळेसोलापूर६५०

दोन्ही डिस्क, पॅड आणि बोल्ट मागवतोय. नवे पॅड बसवायला काही खास पद्धत?

टॉर्करेंच_पुणेनाका

डिस्क आणि पॅड दोन्ही ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर असतो. मग सकाळी लवकर रिकाम्या रस्त्यावर, केगावच्या बाजूचा बायपास चालेल, ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, असं आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी मध्ये थोडं अंतर चालवून हवा लागू द्या. गाडी पूर्ण थांबवून तापलेल्या डिस्कवर ब्रेक धरून उभं राहू नका, पॅडचा ठसा तिथेच उमटतो आणि नंतर तोच लिव्हरला थरथर म्हणून जाणवतो. घरी आल्यावर डिस्क पूर्ण गार होईपर्यंत पाणी मारू नका.

पहिली १५० किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. सुरुवातीला थांबायचं अंतर थोडं जास्त लागेल, त्यामुळे सात रस्त्याच्या गर्दीत पुढच्या गाडीपासून लांब राहा. त्यानंतर एकदा चाक उचलून रिंग परत फिरवून बघा आणि डिस्कच्या बोल्टवर पेंटने मारलेली रेघ सरकली आहे का ते तपासा. थ्रेडलॉक लावलेला बोल्ट परत आवळून बघू नका, त्याची पकड सुटते. रेघ जागेवर असेल तर हात लावायची गरज नाही.